पायाचा अंगठा आणि वेगळी कपबशी

भारतातून पाहुणे आले की आधी किल्ला दाखवायचा, मग रॉयल माइलने रमतगमत खाली उतरायचे आणि वाटेत लॉनमार्केटच्या कोपऱ्यावर, न्यायालयाच्या इमारतीपुढे, डेव्हिड ह्यूमच्या पुतळ्यापाशी दोन मिनिटे थांबायचे, हा एडिनबरात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांचा ठरलेला क्रम आहे. पुतळा ब्राँझचा, काळवंडलेला. पायाचा अंगठा मात्र सोन्यासारखा झळकतो. परीक्षेला निघालेले विद्यार्थी तो घासतात आणि त्यांचे पाहून प्रवासीही घासतात. चार वर्षांपूर्वी माझे मामा आले होते. त्यांनी सवयीने चप्पल काढायच्या बेतात हात पुढे केला आणि विचारले, "हा इथला कोणता देव?" मी म्हटले, "देव नाही मामा. देवाधर्मावाचून नीती उभी राहते, असं सांगणारा माणूस आहे." मामांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, "मग चांगलं वागायचं, ते कुणाच्या भीतीनं?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर साधे नाही. आपल्या मंडळाच्या संस्कारवर्गाच्या सभेतही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो. घरात आजी-आजोबा नाहीत, शेजारी दटावणाऱ्या काकू नाहीत, शाळेत सगळ्याच धर्मांची तोंडओळख. मग मुलांना बरेवाईट कळणार कोठून? मी पेशाने डॉक्टर, तत्त्वज्ञान हा माझा विषय नाही. तरी मामा परत गेल्यावर मी ह्यूमचे १७५१ सालचे 'अॅन एन्क्वायरी कन्सर्निंग द प्रिन्सिपल्स ऑफ मॉरल्स' हे पुस्तक वाचायला घेतले. शेजारी, वडिलांनी खाकी कव्हर घालून जपलेला 'गीतारहस्य' ठेवला. ही दोन पुस्तके एकमेकांसमोर धरून जे दिसले, ते या लेखात मांडत आहे.

पुस्तकाआधी त्या काळच्या एडिनबराविषयी थोडे सांगायला हवे. ह्यूमचा जन्म इथलाच, १७११चा. त्याच्या जन्माआधी चौदा वर्षे, १६९७ साली, याच शहरात टॉमस एकेनहेड नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला ईश्वरनिंदेबद्दल फाशी दिले गेले होते. ह्यूमच्या वाट्याला फाशी आली नाही, बहिष्कार मात्र आला. १७४५ साली एडिनबरा विद्यापीठातील नीतिशास्त्राची प्राध्यापकी त्याला मिळता मिळता राहिली. कारण उघड होते: धर्मगुरूंच्या मते ज्याचा धर्मावर विश्वास नाही, तो मुलांना नीती काय शिकवणार? १७७६च्या जुलैत तो मरणाच्या दारी असताना जेम्स बॉस्वेल त्याला भेटायला गेला. शेवटच्या घटकेला तरी याची गाळण उडते का, हे त्याला पाहायचे होते. ह्यूम शांत होता. नुसता शांत नव्हे, तर थट्टेच्या सुरात होता. एखादा माणूस धार्मिक आहे असे कानावर आले की तो लबाड असणार असे मी धरून चालतो, असे तो म्हणाला. काही फार चांगली माणसे धार्मिक असल्याचेही पाहिले आहे, अशी पुस्तीही त्याने जोडली. अस्वस्थ होऊन परतला तो बॉस्वेल. मृत्यूनंतर ॲडम स्मिथने या मित्राच्या शहाणपणाची आणि सद्गुणांची मनापासून स्तुती करणारे पत्र छापले. त्यावर एवढा गहजब झाला की आपल्या अर्थशास्त्राच्या ग्रंथावरही इतकी टीका झाली नाही, असे पुढे स्मिथने लिहून ठेवले.

हे वाचताना मराठी वाचकाला गोपाळ गणेश आगरकर आठवल्याशिवाय राहत नाहीत. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १८९५ साली, चाळिशीही न गाठता ते गेले, तोपर्यंत फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद त्यांनी निभावले आणि गरिबीत दिवस काढले. त्यांच्या विरोधकांनाही त्यांच्या चारित्र्यावर बोट ठेवता आले नाही. धर्माच्या धाकावाचून माणूस सज्जन राहू शकतो, याची ही दोन उदाहरणे डोळ्यांपुढे आहेत. 'कसा राहतो?' हा खरा प्रश्न आहे.

ह्यूमचे उत्तर मोठे घरगुती आहे. नुसत्या बुद्धीने माणूस हलत नाही, असे तो म्हणतो. बुद्धी काय खरे, काय खोटे ते सांगते. कशाने काय घडेल ते सांगते. पण 'हे वाईट, हे होता कामा नये' असे जे आत वाटते, ती भावना आहे. ती भावना आपल्यापुरती नसते, कारण दुसऱ्याचे सुखदुःख आपल्याला आपोआप लागते. त्याचा एक दाखला मला फार आवडला. रस्त्याने जाताना समोर गाऊटने ठणकणारा एखाद्याचा पाय आला, तर त्या माणसाशी आपले काही भांडण नसताना, फरसबंदीच्या दगडावर द्यावा तितक्या सहज आपण त्यावर पाय देऊ का? नाही देणार. तिथे कोणी देव पाहत नसतो, पोलिसही नसतो. गाऊटचे रोगी मी पुष्कळ पाहिले आहेत. नुसत्या चादरीच्या स्पर्शानेही ते कळवळतात, आणि पाहणाऱ्याचा पाय आपोआप आखडतो. ज्याने नीतीचे मूळ पायाच्या दुखऱ्या बोटांपाशी दाखवले, त्याच्याच अंगठ्याला लोक नवसाच्या देवासारखे घासतात, ही गंमत त्याने मनमुराद चाखली असती.

पण भावना जवळच्यांसाठी तीव्र आणि लांबच्यांसाठी मंद असते, हेही त्याला ठाऊक आहे. म्हणून तो दोन गोष्टी जोडतो. पहिली अशी की नीतीच्या भाषेत बोलताना आपण 'माझा शत्रू' म्हणत नाही, 'दुष्ट' म्हणतो. म्हणजे आपली जागा सोडून कोणालाही पटेल अशा जागी उभे राहतो. दुसरी अशी की मालमत्ता, वचन, न्याय या गोष्टी उपजत नसून माणसांच्या आपसांतल्या सोयीतून रूढ होतात. नावेतले दोघे कोणताही करार न करता एका लयीत वल्ही मारतात, तशी ही पद्धत पडते. सगळ्यांच्या उपयोगाची म्हणून ती टिकते आणि टिकल्यावर तिच्याबद्दल आदर वाटू लागतो. उपास, ब्रह्मचर्य, मौन, देहदंड यांना मात्र तो सद्गुणांच्या यादीतून सरळ काढून टाकतो. त्यांनी ना स्वतःचे भले होते, ना शेजाऱ्याचे. एकादशी करणाऱ्या वाचकांनी यावर रागावू नये. तो ख्रिस्ती मठांबद्दल बोलत होता.

आता टिळक. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ साली छापलेल्या 'गीतारहस्या'ची चौथ्यापासून सहाव्यापर्यंतची प्रकरणे म्हणजे पाश्चात्त्य नीतिशास्त्राची मराठीत झालेली एक कसून तपासणी आहे. नीतीचा उलगडा करण्याचे तीन मार्ग ते मांडतात: आधिभौतिक, आधिदैवत आणि आध्यात्मिक. पहिला मार्ग बाह्य सुखाचा हिशेब करतो. दुसरा, मनात सदसद्विवेकाची एक देवता बसली आहे असे मानतो. तिसरा आत्म्याच्या एकत्वापर्यंत जातो, आणि टिळक त्या बाजूचे आहेत. हॉब्सच्या स्वार्थवादाशेजारी ते याज्ञवल्क्य-मैत्रेयीचा संवाद ठेवतात तो भाग आजही ताजा वाटतो. दोघेही म्हणतात की सगळे प्रिय होते ते स्वतःसाठी. पण हॉब्स 'स्वतः' या शब्दापाशी थांबतो आणि याज्ञवल्क्य 'हा स्वतः कोण?' असे विचारतो. आणि मग तो 'स्वतः' सर्वांत सापडतो.

टिळकांच्या वर्गवारीत ह्यूमला कोठे बसवायचे? उपयुक्तता हा शब्द त्याच्या पुस्तकात पानोपानी येतो म्हणून त्याला आधिभौतिकांत ढकलणे सोपे आहे. पण ते मला पटत नाही. टिळकांचा मोठा आक्षेप असा की कृत्याच्या फायद्यावरून त्याची नीती ठरत नाही. याला ते अमेरिकेतल्या एका शहराच्या ट्रामचा दाखला देतात: लोकोपयोगी ट्रामची परवानगी रखडली, व्यवस्थापकाने लाच देऊन ती मिळवली, ट्राम लोकांच्या हिताची ठरली म्हणून लाच नीतीची ठरते काय? (ट्राम आणि दिरंगाई यांचे नाते एडिनबराकरांना समजावून सांगायला नको.) टिळकांचे म्हणणे, कर्त्याची बुद्धी पाहा. आणि ह्यूमही नेमके हेच म्हणतो. कृत्य ही नुसती खूण आहे, आपण वाखाणतो तो हेतू आणि स्वभाव. दोघांच्या वाटा इथे एकमेकींना छेदतात, आणि नंतर वेगळ्या होतात. सहाव्या प्रकरणात टिळक विचारतात, नुसत्या आतल्या आवाजावर विसंबायचे तर तो आवाज सगळ्यांचा सारखा का नसतो? मुरलेल्या गुन्हेगाराला तो ऐकूच येत नाही. तात्काळ होणारा निवाडा ही बहुधा सवयीची करामत असते. तेव्हा बुद्धीच शुद्ध आणि सम झाली पाहिजे.

हा आक्षेप ह्यूमलाही लागू पडतो आणि तो प्रामाणिकपणे तो मान्यही करतो. पुस्तकाच्या शेवटी त्याने एक हुशार लबाड उभा केला आहे. हा गृहस्थ म्हणतो, प्रामाणिकपणा हे उत्तम धोरण खरे, पण कोणाला कळणार नसेल तिथे थोडा हात मारायला काय हरकत आहे? ह्यूमचे उत्तर असे की ज्याचे मनच याला नकार देत नाही, त्याला युक्तिवादाने जिंकता येणार नाही. काही टीकाकारांना ही हार वाटते. मला ती कबुली वाटते. आत्मौपम्याचा उपदेश ऐकून तरी तो लबाड सुधारेल, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे.

माझी खरी तक्रार दुसऱ्याच जागी आहे. पुस्तकाच्या तिसऱ्या भागात न्यायाची चर्चा चालू असताना ह्यूम एक कल्पना करतो. समजा, आपल्यात मिसळून राहणारे काही प्राणी आहेत. त्यांना बुद्धी आहे, पण ते इतके दुबळे आहेत की कितीही छळले तरी आपल्याला त्यांच्या रागाची झळ लागणार नाही. त्यांच्याशी आपण दयेने वागावे, पण त्यांचा न्यायाचा हक्क मात्र आपल्यावर लागू होणार नाही, कारण न्याय हा परस्परांच्या सोयीतून निघाला आणि इथे परस्परता नाही. लगेच पुढे तो लिहितो की अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपुढे युरोपियनांना आपण असेच वरचढ आहोत असे वाटले, आणि त्यांनी न्यायच नव्हे तर माणुसकीचेही बंधन झुगारून दिले. म्हणजे धोका त्याला दिसला होता. तरी सिद्धान्ताला पडलेले भोक त्याने बुजवले नाही. ज्याला आपल्याला दुखवता येत नाही त्याला दया मिळेल, न्याय नाही, असेच त्यातून निघते.

आणि या भोकात तो स्वतःच पडला. राष्ट्रांच्या स्वभावावरच्या आपल्या निबंधाला १७५३ साली त्याने एक तळटीप जोडली. तिच्यात कृष्णवर्णीय लोक उपजतच गोऱ्यांपेक्षा कमी असावेत, असा संशय त्याने नोंदवला. प्राचीन काळच्या गुलामगिरीवर कडाडून टीका करणारा हाच माणूस. 'काळच तसा होता' असे म्हणून सुटता येत नाही, कारण ॲबरडीनच्या जेम्स बीटीने १७७० साली या तळटिपेचा खरपूस समाचार घेतला होता. बीटी श्रद्धाळू ख्रिस्ती होता आणि या मुद्द्यावर तोच बरोबर होता.

म्हणून टिळकांचा मार्ग निर्दोष ठरतो असे समजून आपण हात झटकू नयेत. साम्यबुद्धीवर एवढा ग्रंथ लिहिणाऱ्या लोकमान्यांनी १९१८ साली मुंबईच्या अस्पृश्यतानिवारण परिषदेत, अस्पृश्यता मानणारा देव मी मानणार नाही अशा अर्थाचे भाषण केले; पण अस्पृश्यता न पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली नाही. भावनेतून निघालेली नीती आणि आत्म्यातून निघालेली नीती, दोन्ही एकाच उंबऱ्याशी अडखळल्या.

ही गोष्ट मला पुस्तकातून कळली असे म्हणालो तर ते खोटे होईल. २०२०च्या सप्टेंबरात एडिनबरा विद्यापीठाने ह्यूम टॉवरचे नाव बदलून '४० जॉर्ज स्क्वेअर' केले, ते याच तळटिपेमुळे. माझी मुलगी तेव्हा विद्यार्थिनी होती आणि नाव बदला म्हणणाऱ्यांत होती. मी चिडलो. एका तळटिपेसाठी एवढ्या मोठ्या माणसाचे नाव पुसायचे? टाळेबंदीचे दिवस, घरात दुसरे कोणी नाही, वाद रंगला. शेवटी ती म्हणाली, "बाबा, आजीकडे मोरीच्या खिडकीत कान तुटलेली एक कपबशी उपडी असायची ना, ती कुणाची?" मी गप्प झालो. "मी सात वर्षांची असताना हेच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, 'तशी पद्धत आहे.'"

साताऱ्याच्या आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंची ती कपबशी. माझी आई देवभक्त आणि खरोखरच कनवाळू. बाईंच्या मुलाची फी तिने भरली, बाळंतपणाला लुगडे आणि डिंकाचे लाडू पाठवले, आजारपणात डबा दिला. दयेत कधी कमी पडली नाही. पण कपबशी वेगळी. मी त्या घरात वाढलो, शुभंकरोति म्हणालो, वडिलांच्या 'गीतारहस्या'ला दसऱ्याला गंध लावले, आणि ती कपबशी मला एकदाही दिसली नाही. एडिनबरात वाढलेल्या सात वर्षांच्या पोरीला ती पहिल्याच दिवशी दिसली. 'पद्धत' हा शब्द उच्चारताना आपण ह्यूमच्या नावेतले वल्हे मारत असतो. पण या नावेत वल्ही मारणारे दोघे होते आणि पाण्यात तिसरा होता, त्याला कोणी विचारले नव्हते.

इथे मला ॲडम स्मिथचा थोडा आधार वाटतो. १७५९च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात तो म्हणतो की चीनमध्ये भूकंपात लाखो माणसे गेल्याचे ऐकून युरोपातला भला माणूस हळहळेल आणि रात्री घोरेल. पण उद्या आपली करंगळी कापली जाणार असे कळले तर त्याला झोप लागणार नाही. तरीही करंगळी वाचवायला लाखो माणसे मरू देईल का? नाही, कारण आत एक त्रयस्थ प्रेक्षक बसला आहे आणि तो सांगतो की तू इतरांहून मोठा नाहीस. कल्पना सुंदर आहे. पण हा प्रेक्षक येतो कोठून? तोही आपल्याच आळीत वाढलेला असतो. आमच्या साताऱ्याच्या आळीतल्या त्रयस्थ प्रेक्षकाला ती कपबशी खटकली नसती.

ज्यांना खटकत होती, त्यांनी बोलावे लागले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला, पाठोपाठ महाड नगरपालिकेनेही ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागून हजारो माणसे चवदार तळ्यावर चालत गेली आणि पाणी प्याली. त्यांच्यावर हल्ले झाले, कोर्टकज्जे झाले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. जातीने आपली सहानुभूतीच नव्हे तर नीतीसुद्धा जातीपुरती करून टाकली आहे, हे त्यांनी १९३६च्या 'जातिनिर्मूलना'च्या निबंधात सांगितले, ते या अनुभवानंतर. ह्यूमच्या काल्पनिक दुबळ्या प्राण्यांनी जणू उठून सांगितले की आम्हाला दया नको आहे.

तेव्हा मानवी नीती कोठून येते? माझ्या अल्पमतीप्रमाणे, ह्यूमने सांगितलेली दोन मुळे खरी आहेत. दुसऱ्याच्या दुखऱ्या पायावरून आपला पाय मागे येतो, हे पहिले. एकत्र राहण्यातून पद्धती पडतात, हे दुसरे. एडिनबरात दोन वर्षे वैद्यक शिकून पळून गेलेल्या चार्ल्स डार्विननेही १८७१ साली नीतीचे मूळ प्राण्यांच्या कळपवृत्तीत शोधले, ते ह्यूमच्याच वाटेने. पण कळपाला कुंपण असते. कुंपणाबाहेरचा माणूस बोलतो आणि आपण ते ऐकून घेतो, तेव्हाच नीती पुरी होते. हे तिसरे मूळ ह्यूमच्या पुस्तकात नाही. त्रयस्थाची जागा त्याने आखून ठेवली, पण तिथे कोणाला येऊ द्यायचे हे ठरवायचा हक्क स्वतःकडे ठेवला.

आपल्या संस्कारवर्गाला याचा उपयोग आहे. श्लोक जरूर पाठ करून घ्यावेत. जिभेला वळण लागते आणि आजीला फोनवर म्हणून दाखवता येतात. पण मुलाने 'असं का?' विचारले आणि आपल्या तोंडून 'तशी पद्धत आहे' एवढेच निघाले, तर तिथे आपलाच वर्ग सुरू झाला असे समजावे. या देशात आपणही कधी कोणाच्या कुंपणाबाहेर असतो. नाव नीट न उच्चारणाऱ्या वरिष्ठाची सौजन्यपूर्ण दया आपण ओळखतो, आणि ती न्याय नसते हेही ओळखतो. ती ओळख घरी वापरायला हरकत नाही.

गेल्या वर्षी साताऱ्याला गेलो होतो. बाई आता थकल्या, त्यांची सून कामाला येते. मी चहा केला आणि घरच्या कपांतून सगळ्यांना दिला. सुनेने कप घेतला, पण खुर्चीवर बसली नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्यानेच प्याली. आई काही बोलली नाही. नंतर तिने सगळे कप एकत्रच विसळले. खिडकीत ती कपबशी अजून होती. मी विचारले नाही आणि ती फेकलीही नाही. फेकायची तर आईच्या हातून फेकली जावी असे वाटले. हा भित्रेपणा असेल.

मामांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी फोनवर दिले: भीतीने नव्हे मामा, लाजेने, आणि लाज वाटायला कोणीतरी दाखवून द्यावे लागते. ते म्हणाले, "हे कुठल्या पुस्तकात आहे?" मी म्हटले, अर्धे ह्यूमच्या. ते पुस्तक लहान आहे, भाषा जुनी असली तरी प्रसन्न आहे, आणि आपल्या शहरातल्या कोणत्याही मोठ्या वाचनालयात मिळेल. 'गीतारहस्य' ज्यांच्या घरी आहे त्यांनी ते शेजारी ठेवून वाचावे. माझे टिळकांविषयीचे किंवा ह्यूमविषयीचे मत ज्यांना पटणार नाही त्यांनी अवश्य लिहावे.